कॅल्कोजेनाइड काच म्हणजे काय? तिच्यात स्फटिक कसे वाढतात आणि दाटपणा त्यांना कसा रोखतो?

कागदाची नक्कल काढायची असली की आपण ‘झेरॉक्स काढून आण’ म्हणतो. झेरॉक्स हे मुळात एका अमेरिकन कंपनीचं नाव, पण मराठीत ते क्रियापदाला जोडून इतकं मुरलंय की आता परकं वाटत नाही. हे यंत्र ज्या पदार्थाच्या जोरावर उभं राहिलं, त्याचं नाव मात्र फार कुणाला ठाऊक नसतं. तो पदार्थ म्हणजे सेलेनियम, आणि तोही साधा नव्हे, तर काचेच्या अवस्थेतला.

चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात पहिली कोरडी नक्कल काढली. तेव्हा त्यांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला होता. पुढे गंधकाच्या जागी सेलेनियम आलं आणि १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र बाजारात आलं. त्याच्या आत एक चकचकीत ड्रम असायचा आणि त्यावर सेलेनियमचा पातळ थर. अंधारात हा थर वीज वाहू देत नाही, म्हणून त्यावर दिलेला विद्युतभार जागच्या जागी टिकतो. प्रकाश पडला की तेवढ्या जागेचा भार निघून जातो. उरलेल्या भारावर काळी पूड चिकटते आणि तीच कागदावर उमटते.

अडचण एकच होती. हा थर काचेच्या अवस्थेत असेपर्यंतच हे सगळं जमायचं. उष्णता आणि काळ मिळाला की सेलेनियममध्ये बारीक स्फटिक वाढू लागायचे. स्फटिकरूप सेलेनियम अंधारातही काचेपेक्षा खूपच जास्त वीज वाहू देतं. म्हणजे स्फटिकाच्या जागी भार टिकत नाही, तिथे पूड धरत नाही आणि काळ्या अक्षरांत पांढरे ठिपके येतात. ड्रम बाद.

शुद्ध सेलेनियमची काच सुमारे ४० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते. विदर्भातला मे महिना डोळ्यांसमोर आणला, तर ही अडचण किती खरी होती ते कळेल. त्यावरचा उपाय होता सेलेनियममध्ये किंचित आर्सेनिक मिसळण्याचा. शेकडा एक भागाहूनही कमी आर्सेनिकने स्फटिकांची वाढ लक्षणीय मंदावते. हे का होतं, याचं उत्तर शोधताना गाडी थेट स्वयंपाकघरात येते.

पाक, लिमलेटची गोळी आणि काच

काच म्हटलं की खिडकीची तावदानं आठवतात. पण शास्त्रज्ञांच्या लेखी काच हा एक पदार्थ नाही, ती पदार्थाची एक अवस्था आहे. द्रव थंड होताना त्यातल्या अणूंना किंवा रेणूंना रांगेत बसायला वेळ मिळाला, तर स्फटिक तयार होतो. वेळ मिळाला नाही, तर द्रवातला गोंधळ तसाच थिजतो. त्या थिजलेल्या गोंधळाला काच म्हणतात.

लिमलेटची गोळी ही साखरेची काच आहे. खडीसाखर हा साखरेचा स्फटिक आहे. दोन्हींत साखरच, फरक फक्त रेणूंच्या मांडणीचा. पाक करणाऱ्या बाईला हे पाठ्यपुस्तकाशिवाय कळलेलं असतं. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही दाटपणा मोजायची मापंच आहेत, आणि अंगठा व तर्जनी हे मोजायचं उपकरण. पाक जास्त ढवळला, कडेला साखरेचे कण राहिले, की तो ‘साखरतो’, म्हणजे त्यात स्फटिक वाढतात. म्हणून त्यात लिंबाचे चार थेंब पिळतात. लिंबातल्या आम्लामुळे साखरेचे काही रेणू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. वेगळ्या आकाराचे हे रेणू मधे आले की साखरेच्या रेणूंना नीट रांग लावता येत नाही.

सेलेनियममधलं आर्सेनिक थोडं निराळ्या पद्धतीने, पण त्याच दिशेने काम करतं. सेलेनियमचा प्रत्येक अणू दोन शेजाऱ्यांचे हात धरतो, त्यामुळे लांब साखळ्या बनतात. आर्सेनिकचा अणू तिघांचे हात धरतो. तो दोन साखळ्यांना एकमेकींत अडकवतो. साखळ्या हलेनाशा होतात, द्रव अधिक दाट होतो आणि रांगा लागणं अवघड होतं.

पावसाळ्यात बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या आधी चिकट होतात आणि मग वरून पांढुरक्या, खरखरीत पडतात. हवेतलं पाणी शोषून वरचा थर पातळ होतो, रेणूंना हालचाल करता येऊ लागते आणि अडकून पडलेला स्फटिक सुटतो. दाटपणा आणि स्फटिकाची वाढ यांचं नातं इथे उघड दिसतं. दाटपणा कमी झाला, वाढ सुरू झाली.

हरताळ फासण्याशी काय संबंध?

आवर्त सारणीच्या सोळाव्या गटात ऑक्सिजनच्या खाली गंधक, सेलेनियम आणि टेल्युरियम बसतात. यांना कॅल्कोजेन म्हणतात. ऑक्सिजनही त्याच घरातला, पण त्याचा संसार वेगळा मानतात. खिडकीची काच ऑक्सिजनवर चालते. तिच्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं जाळं असतं. ऑक्सिजनच्या जागी गंधक, सेलेनियम किंवा टेल्युरियम आणि सोबतीला जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी यांसारखी मूलद्रव्यं घेतली, की कॅल्कोजेनाइड पदार्थ मिळतात. त्यांतले बरेचसे काच होऊ शकतात.

यातला एक पदार्थ मराठी माणसाच्या बोलण्यात रोज येतो. आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळंधम्मक खनिज म्हणजे हरताळ. पोथ्या लिहिताना चुकलेल्या अक्षरांवर ते फासून मजकूर झाकत, म्हणून एखादी गोष्ट पुसून टाकणं म्हणजे ‘हरताळ फासणं’. तीच हरताळ बंदिस्त नळीत वितळवून थंड केली की लालसर पारदर्शक काच मिळते. ही काच स्फटिक व्हायला कमालीची नाखूश असते. (हा प्रयोग घरी करायचा नाही. आर्सेनिक विषारी आहे.) १९५० मध्ये रुडॉल्फ फ्रेरिक्स यांनी दाखवून दिलं की या काचेतून अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, आरपार जातात. साध्या काचेत ते अडतात. १९५५ च्या सुमारास लेनिनग्राडमध्ये बोरिस कोलोमिएत्स आणि नीना गोर्युनोवा यांना अशाच काही काचा अर्धवाहक असल्याचं आढळलं. तोवर अर्धवाहक म्हणजे शिस्तीत रचलेला स्फटिक, असाच समज होता.

एकावर बारा शून्यं

दाटपणाला शास्त्रीय मराठीत श्यानता म्हणतात. तिचं एकक पास्कल-सेकंद. पाण्याची श्यानता या मापात सुमारे ०.००१ आहे आणि मधाची साधारण १० च्या आसपास. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ पासून एक प्रयोग सुरू आहे. नरसाळ्यात डांबरासारखा पदार्थ ठेवलाय आणि तो खाली गळण्याची वाट पाहिली जातेय. २०१४ पर्यंत त्याचे नऊ थेंब पडले. तो डांबर म्हणजे सुमारे २३ कोटी पास्कल-सेकंद.

द्रव थंड होता होता श्यानता एकावर बारा शून्यं, म्हणजे एक लाख कोटी पास्कल-सेकंदांवर पोहोचली की त्याला काच म्हणायचं, असा संकेत आहे. त्या तापमानाला काच-संक्रमण तापमान म्हणतात. म्हणजे ज्या डांबराचा एक थेंब पडायला आठ-दहा वर्षं लागतात, त्याच्या चार हजार पटींहून अधिक दाट. आणि हे फक्त संक्रमणाच्या तापमानाला. त्याच्या खाली आकडे आणखी चढत जातात.

इथे समाजमाध्यमांवर सतत फिरणाऱ्या एका दाव्याचा निकाल लावता येतो. युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांची तावदानं खालून जाड असतात, कारण काच हा संथ वाहणारा द्रव आहे, असं सांगितलं जातं. ब्राझीलचे काचशास्त्रज्ञ एडगर झानोट्टो यांनी १९९८ मध्ये त्याचा हिशेब मांडला. नेहमीच्या तापमानाला काच डोळ्यांना दिसण्याइतकी वाहायला विश्वाच्या वयाहून कितीतरी पटींनी जास्त काळ लागेल. त्या काळी तावदानं मुळात एकसारख्या जाडीची बनतच नव्हती, एवढंच त्यामागचं कारण.

कॅल्कोजेन मूलद्रव्यांची श्यानता मात्र खरोखरच विचित्र वागू शकते. गंधक ११५ ते ११९ अंशांच्या दरम्यान वितळतं तेव्हा ते पिवळं आणि पातळ असतं. कुठलाही द्रव तापवला की अधिक पातळ होतो, हा नेहमीचा अनुभव. गंधक १५९ अंशांच्या पुढे गेलं की उलट घट्ट होऊ लागतं, तेही काही हजार पटींनी, आणि रंगाने गडद लाल होतं. आठ-आठ अणूंची कडी तुटून त्यांच्या लांबच लांब साखळ्या होतात आणि त्या एकमेकींत गुंततात. १८७ अंशांच्या आसपास घट्टपणाचं टोक गाठलं जातं. हे लाल गंधक थंड पाण्यात ओतलं की रबरासारखं ‘प्लास्टिक गंधक’ मिळतं. शाळेत हा प्रयोग पाहिलेल्यांना आठवेल की काही दिवसांनी तो रबरी तुकडा पुन्हा पिवळा आणि ठिसूळ होतो. थिजलेला गोंधळ हळूहळू स्फटिकात रांगेला लागतो.

एवढा प्रचंड दाटपणा मोजतात कसा? वितळलेल्या पदार्थात भोवरी फिरवून तिला होणारा विरोध मोजता येतो. पण घट्ट टोकाला काहीही ओतता किंवा फिरवता येत नाही. तिथे काचेच्या पृष्ठभागावर वजन ठेवलेली बारीक कांडी टेकवतात आणि ती तासागणिक किती मायक्रॉन आत रुतते ते नोंदवतात. नाहीतर काचेची छोटी चकती दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबतात आणि ती किती चपटी होते ते पाहतात. खरी पंचाईत मधल्या पट्ट्यात होते. त्या तापमानांना बऱ्याच कॅल्कोजेनाइड काचा मोजमाप पूर्ण होण्याआधीच स्फटिक होऊन बसतात. त्यामुळे आलेखावर एका बाजूला द्रवाचे बिंदू, दुसऱ्या बाजूला काचेचे बिंदू आणि मधे मोकळी जागा, असं चित्र दिसतं. ती जागा गणिती सूत्राने भरावी लागते. त्यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र १९२० च्या दशकात फोगेल, फुल्चर आणि टामान यांनी वेगवेगळं मांडलं आणि आजही ते तिघांच्या नावाने ओळखलं जातं.

स्फटिक वाढतो तो ओढाताणीतून

स्फटिक व्हायच्या दोन पायऱ्या असतात. आधी कुठेतरी चार-दोन अणू योगायोगाने नीट जुळून एक बीज तयार होतं. मग त्या बीजावर आजूबाजूचे अणू येऊन बसतात आणि ते मोठं होतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गुस्ताव टामान यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या दोन्ही पायऱ्या सुट्या करून पाहिल्या. त्यांना आढळलं की बीजं ज्या तापमानाला भराभर पडतात ते तापमान कमी असतं, आणि वाढीचा वेग ज्या तापमानाला कळसाला पोहोचतो ते बरंच वर असतं. काच बनवणाऱ्याच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट आहे. झपाट्याने थंड केलं, तर वाढीच्या पट्ट्यात बीजं नसतात आणि बीजांच्या पट्ट्यात वाढ नसते.

वाढीच्या वेगावर दोन गोष्टींचा ताण असतो. द्रव वितळबिंदूच्या जितका खाली, तितकी स्फटिक होण्याची ओढ जास्त. पण तितकाच दाटपणाही जास्त, म्हणून अणूंना जागेवर पोहोचायला वेळ लागतो. वितळबिंदूपाशी अणू मोकळेपणी हिंडतात, पण रांगेत बसायची गरज नसते. काच-संक्रमणापाशी गरज प्रचंड असते, पण पाय रोवले गेलेले असतात. मधे कुठेतरी वेग सर्वाधिक होतो आणि दोन्ही बाजूंना कोसळतो. वेगाचा आलेख डोंगरासारखा दिसतो तो त्यामुळे.

पाठ्यपुस्तकातलं समीकरण याच्या पुढचं पाऊल टाकतं. श्यानता माहीत असेल तर वाढीचा वेग काढता येतो, असं ते सांगतं. श्यानता दसपट झाली की वेग एक दशांश. हिशेब सरळ दिसतो, आणि अनेक वर्षं तो तसाच वापरला गेला.

हिशेब कुठे चुकतो?

चेक प्रजासत्ताकातल्या पार्डुबिसे इथल्या विद्यापीठात यिरी मालेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब तपासायचं चिकाटीचं काम केलं आहे. सेलेनियम-टेल्युरियम, किंवा जर्मेनियम-अँटिमनी-गंधक अशा काचा घ्यायच्या. एकीकडे त्यांची श्यानता मोजायची. दुसरीकडे त्याच काचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तापवत ठेवायचा आणि ठरावीक वेळाने फोटो काढून स्फटिक किती मायक्रॉन वाढला ते पट्टी लावून पाहायचं. अँटिमनी सल्फाइडचे स्फटिक त्यात सुयांसारखे लांबताना दिसतात. जुन्या काळी सुरम्यासाठी वापरलं जाणारं खनिज ते हेच. दिसायला हे काम कंटाळवाणं आहे. पण दोन्ही मोजमापं एकाच पदार्थावर, एकाच तापमानाला केल्याशिवाय समीकरण खरं की खोटं हे ठरवताच येत नाही.

अशा मोजमापांतून जे दिसतं ते असं. काच-संक्रमणाकडे जाताना श्यानता जितक्या पटींनी वाढते, स्फटिकाचा वेग तितक्या पटींनी घटत नाही. स्फटिक ‘ठरल्यापेक्षा’ जास्त वेगाने वाढतो. २००८ मध्ये मार्क एडिगर, पीटर हॅरोवेल आणि लियान यू यांनी निरनिराळ्या प्रकारच्या अनेक काचांची आकडेवारी एकत्र मांडून दाखवलं की ही फारकत अपवादात्मक नाही. वेग श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात जाण्याऐवजी तिच्या एका घाताच्या व्यस्त प्रमाणात जातो, आणि तो घात बहुतेकदा एकापेक्षा कमी असतो.

एकापेक्षा किंचित कमी म्हटल्यावर फरक मामुली वाटेल. उदाहरणादाखल घात ०.७५ धरू. श्यानता दहा लाख पटींनी वाढली, तर जुन्या हिशेबाने वाढीचा वेग दहा लाखांनी घटायला हवा. या हिशेबाने तो सुमारे ३२ हजारांनीच घटतो. म्हणजे स्फटिक अंदाजापेक्षा तीसपट वेगाने वाढतो. तीस वर्षं टिकेल म्हणून काढलेली वस्तू एका वर्षात बाद, असा हा फरक आहे.

असं का होतं, याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण वाहतूक कोंडीसारखं आहे. रस्ता तुंबला की बस आणि मोटारी जागच्या हलत नाहीत. बाहेरून पाहणारा म्हणेल, वाहतूक ठप्प. पण दुचाकीवाले फटींमधून निघून जातातच. अतिशीत द्रवही आतून एकसारखा नसतो. काही भागांतले अणू जवळपास गोठलेले, तर काही भागांतले बऱ्यापैकी हलते असतात. श्यानता ठरते ती सगळ्यात मंद भागांवरून, कारण पूर्ण पदार्थ वाहायचा तर त्यांनाही हलावं लागतं. स्फटिकाच्या काठावर एकेक अणू जाऊन बसायला मात्र सगळ्यांनी हलायची गरज नसते. मोकळे अणू पुरतात. पृष्ठभागावर तर अणूंना आणखी मोकळीक असते. म्हणून सेलेनियमसारख्या काचेत वरवरचे स्फटिक आतल्यांपेक्षा भरभर वाढतात, आणि ड्रमवरच्या पातळ थराला हे खास तापदायक.

याच खोडीची झाली मेमरी

स्फटिक हा शत्रू मानून एका बाजूला लढाई चालू असताना एका माणसाने उलटा विचार केला. स्टॅनफर्ड ओवशिन्स्की हे ओहायोतल्या अॅक्रनचे. वडील भंगार गोळा करायचे. मुलगा यंत्रकारागीर झाला, कॉलेजची पदवी काही त्याने घेतली नाही. कॅल्कोजेनाइड काचेच्या थरावर ठरावीक मर्यादेपलीकडे विद्युतदाब दिला, की ती एकदम वीज वाहू देते, आणि दाब काढला की पूर्ववत होते, हे त्यांनी १९६८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध केलं. काही मिश्रणांत बदल टिकून राहायचा, कारण तिथे काचेचा स्फटिक झालेला असायचा. योग्य झटका देऊन त्याची पुन्हा काच करता यायची. पदवी नसलेल्या माणसाचे हे दावे अनेक तज्ज्ञांच्या पचनी पडले नाहीत. पण १९७० मध्येच ओवशिन्स्कींच्या कंपनीतल्या दोघांसोबत इंटेलच्या गॉर्डन मूर यांनी २५६ बिटांच्या अशा मेमरीवर लेख लिहिला. हे ‘मूरच्या नियमा’चेच मूर.

काच म्हणजे शून्य, स्फटिक म्हणजे एक. कल्पना इतकी सोपी असूनही ती लोकांच्या हातात यायला वीसेक वर्षं लागली. कारण पदार्थाकडून मागणी परस्परविरोधी होती. लिहिताना स्फटिक काही नॅनोसेकंदांत तयार व्हायला हवा. पण साठवलेली काच खोलीच्या तापमानाला किमान दहा वर्षं तशीच राहायला हवी. दहा वर्षं म्हणजे साडेएकतीस कोटी सेकंद. दहा नॅनोसेकंदांशी त्याचं गुणोत्तर काढलं, तर एकावर सोळा शून्यांहून मोठा आकडा येतो. काहीशे अंशांच्या फरकात एकाच पदार्थाने आपला वेग एवढा बदलायचा.

जपानच्या मात्सुशिता कंपनीत नोबोरू यामादा यांच्या गटाने १९८० च्या दशकात जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियमची अशी मिश्रणं शोधली. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या मिश्रणाला आद्याक्षरांवरून जीएसटी म्हणतात. त्याचा करभरणीशी काही संबंध नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-रॅममध्ये ते आलं. १९९७ मध्ये आलेल्या सीडी-आरडब्ल्यूमध्ये चांदी-इंडियम-अँटिमनी-टेल्युरियम हे भावंड होतं. लेसरचा तीव्र, अत्यल्प झटका ठिपक्याला ६०० अंशांपलीकडे नेऊन वितळवतो. झटका संपताच तो इतक्या झपाट्याने थंड होतो की काच होते. पुसायला लेसरची ताकद कमी ठेवायची, म्हणजे ठिपका वितळत नाही, पण स्फटिक वाढण्याच्या पट्ट्यात पोहोचतो. जीएसटीत ठिपक्याच्या आत असंख्य बीजं पडून तो भरतो. चांदी-इंडियमवाल्या मिश्रणात स्फटिक कडेकडून आत सरकतो, त्यामुळे तिथे ठिपका जितका लहान, तितका लवकर पुसला जातो.

जीएसटीला हे जमतं ते त्याच्या श्यानतेच्या स्वभावामुळे. ऑस्टिन एंजल यांनी द्रवांचे ‘स्ट्राँग’ आणि ‘फ्रॅजाइल’ असे दोन टोकांचे प्रकार सांगितले. याचा फुटण्याशी संबंध नाही. स्ट्राँग द्रव, उदाहरणार्थ वितळलेली शुद्ध सिलिका, तापमान उतरताना सारख्या गतीने दाट होत जातो. फ्रॅजाइल द्रव बराच काळ पातळ राहतो आणि काच-संक्रमणाजवळ आल्यावर एकदम थिजतो. जीएसटी फ्रॅजाइल आहे. गरम असताना ते पातळ, म्हणून स्फटिक सुसाट. थंड होताच श्यानता उभ्या भिंतीसारखी चढते आणि काच सुरक्षित.

पण हे मोजणार कसं? जीएसटी तर क्षणार्धात स्फटिक होतं. केंब्रिज विद्यापीठातल्या लिंडसे ग्रीअर यांच्या गटाने २०१२ मध्ये त्यावर उतारा काढला. त्यांनी अतिपातळ नमुना सेकंदाला ४० हजार अंशांपर्यंतच्या वेगाने तापवला. उशिराने सुरू झालेल्या स्फटिकीकरणावरून त्यांनी वेगाचा आलेख मांडला. सुमारे ४०० अंशांना स्फटिक सेकंदाला जवळपास तीन मीटर वेगाने वाढतो, असं त्यातून निघालं. पायी चालणाऱ्या माणसाच्या दुप्पट वेगाने अणू रांगेत बसत जातात. वेग आणि श्यानता यांची फारकत इथेही ठळकपणे दिसली.

इंटेल आणि मायक्रॉन यांनी २०१५ मध्ये जाहीर केलेली, पुढे ‘ऑप्टेन’ नावाने विकली गेलेली मेमरी याच घराण्यातली. २०२२ मध्ये इंटेलने तो व्यवसाय गुंडाळायचं ठरवलं. मोटारींमधल्या चिपमध्ये मात्र हे तंत्र टिकून आहे आणि तिथे दहा वर्षांच्या अटीपेक्षाही कडक परीक्षा असते. चिप पाटीवर बसवताना डाग द्यायच्या भट्टीत तापमान २६० अंशांपर्यंत जातं. चिपमध्ये आधीच भरलेला प्रोग्राम तेवढ्यात पुसला गेला, तर चिप निकामी. साधं जीएसटी दीडशे अंशांच्या आसपासच स्फटिक होऊ लागतं. म्हणून तिथे जर्मेनियमचं प्रमाण वाढवलेलं मिश्रण वापरतात. ते उशिरा स्फटिक होतं, पण मग लिहायचा वेगही कमी होतो.

स्फटिक अजिबात नको असेल तेव्हा

कोविडच्या काळात विमानतळांवर माणसांच्या अंगाची उष्णता दाखवणारे कॅमेरे सगळ्यांनी पाहिले. आपल्या शरीरातून निघणारे किरण ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यात सर्वांत तीव्र असतात. साध्या काचेचं भिंग त्यांच्यापुढे भिंतीसारखं अपारदर्शक. म्हणून ही भिंगं जर्मेनियमच्या स्फटिकातून हिऱ्याच्या हत्याराने एकेक कोरतात. ते महाग पडतं. त्यातच चीनने ऑगस्ट २०२३ पासून जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि भिंगं बनवणाऱ्यांची धावपळ झाली.

सेलेनियम आणि आर्सेनिकची काच हा त्यावरचा एक पर्याय आहे. तिच्यात जर्मेनियम अजिबात नसलं तरी चालतं, आणि ती कोरावी लागत नाही. काच-संक्रमणाच्या वर तापवून साच्यात दाबली की भिंग तयार. पण दाबण्याइतकी मऊ झालेली काच म्हणजे स्फटिक वाढण्याइतकी मोकळी झालेली काच. भिंगात काही मायक्रॉनचे स्फटिक जरी वाढले, तरी ते किरण विखुरतात आणि चित्र धुरकट होतं. प्रकाशतंतू ओढतानाही हीच भीती असते. त्यामुळे मिश्रण निवडताना काच-संक्रमण आणि स्फटिकीकरण यांच्या तापमानांत शंभर अंशांहून जास्त अंतर आहे ना, हे कारागीर आधी पाहतात. भट्टी किती अंशांवर आणि किती मिनिटं ठेवायची, हे त्या काचेच्या श्यानतेच्या आणि वाढीच्या वेगाच्या तक्त्यांवरून ठरतं. श्यानतेवरून वेगाचा नुसता अंदाज बांधून भट्टी लावली, तर स्फटिक अंदाजापेक्षा आधी येतात. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे मोजावे लागतात.